तुम्ही विचारलंत म्हणून: ९९ टक्के मतं पडली, मग संप कधी?

प्रश्न एकाच क्रमाने येतात. आधी, "अमेरिकेतल्या अमुक एअरलाइनच्या पायलटांनी ९९ टक्के मतांनी संपाला कौल दिला म्हणे, आम्ही तिकिटं काढू की थांबू?" दोन महिने उलटतात, विमानं उडत असतात, मग दुसरा: "म्हणजे नुसतीच हवा होती!" आणि तिसऱ्या प्रश्नाला माझं डोकं खरोखर फिरतं: "एवढं कायद्याचं लचांड असेल तर सगळ्यांनी एकदम आजारी पडावं ना. आपल्याकडे पडतात तसं."

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तिकिटं काढा.

दुसऱ्यासाठी थोडं बसावं लागेल. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, एअरलाइन्सना १९२६ चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट लागू आहे. नाव रेल्वेचं, पण १९३६ मध्ये त्यात विमानं आली. या कायद्याखालचा करार संपत नाही. मुदतीची तारीख येते आणि करार फक्त 'बदलता येण्याजोगा' होतो. बोलणी दोन वर्षं चालोत की चार, तोवर जुना पगार, जुने नियम, जुनं वेळापत्रक जसंच्या तसं. कंपनीने ते मोडायचं नाही, पायलटांनी संपावर जायचं नाही. आता विचार करा, घाई कुणाला असेल? महागाई वाढत असते आणि कंपनी दर महिन्याला जुन्या दराने पगार देत असते. म्हणून प्रत्येक कराराच्या शेवटी मागच्या फरकाच्या रकमेवर एवढी खडाजंगी होते.

बोलणी अडली की नॅशनल मीडिएशन बोर्ड मध्यस्थी करतं. तीन सदस्य, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. मध्यस्थी किती दिवस चालावी याला कायद्यात मर्यादा नाही. बोर्डाला वाटेल तेव्हा ते दोघांना म्हणतं, 'घ्या, लवादाकडे जा.' कुणीही एकाने नकार दिला की बोर्ड त्यांना मोकळं करतं. याला इथे 'रिलीज' म्हणतात. त्यानंतर ३० दिवस थंड व्हायचे. ते संपले की मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने संप करता येतो. तेव्हाही राष्ट्राध्यक्ष आणीबाणी बोर्ड नेमून आणखी ६० दिवस लांबवू शकतात आणि मग काँग्रेस, म्हणजे इथली संसद, कायदा करून विषयच संपवू शकते.

या सगळ्या जिन्यात मतदानाची पायरी कुठे आहे? कुठेच नाही. मतदान म्हणजे 'वेळ आली तर संप पुकारायचा अधिकार नेत्यांना दिला', एवढंच. डेल्टाच्या पायलटांनी २०२२ मध्ये ९९ टक्के मतं दिली, साउथवेस्टच्या पायलटांनी २०२३ मध्ये ९९ टक्के. दोन्हीकडे संप झाला नाही, करार झाले. डेल्टाचा तर चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा. तुम्ही ज्याला हवा म्हणता त्या हवेचा भाव हा आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात थोडं नाटक असतंच. ९९ टक्के हा आकडा बोर्डाने आणि शेअर बाजाराने वाचावा म्हणूनच काढलेला असतो. नाटक म्हटलं की मला राग येतो, आणि तरी ते नाटक आहे.

तयारी मात्र नाटकी नसते. संप समिती प्रत्येक तळाची फोनसाखळी बांधते आणि ती मधेच कुठे तुटते ते तपासायला खोटा निरोप फिरवते. विमानतळाबाहेर उभं राहायला विमानतळ प्रशासनाची परवानगी लागते, किती माणसं आणि नेमकी कुठली फरशी हेसुद्धा त्यात ठरतं. पायलट गणवेशात येतात, कोटाची बटणं लावून, डोक्यावर टोपी, हातात फलक, तोंडाने अवाक्षर नाही. वार्ताहर आला तर नेमलेल्या माणसानेच बोलायचं. घरी दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगतात, कारण संप सुरू झाला की कंपनी आरोग्य विमा थांबवू शकते. आणि घड्याळ १२:०१ दाखवेल तेव्हा जो पायलट डेन्व्हरच्या हॉटेलात झोपलेला असेल, त्याची खोली आणि घरी येण्याचं तिकीट कुणी बघायचं, याची यादी आधीच तयार असते.

एवढं कशासाठी? पगारासाठी, हो, पण पगार म्हणजे काय ते आधी बघा. पायलटला पैसे मिळतात ते मुख्यतः गेटवरून विमान हललं की ते गेटला लागेपर्यंतचे. चार दिवसांची एक फेरी घ्या, घराबाहेर ७७ तास. त्यात उड्डाण १८ तासांचं. करारात 'साडेतीन तासांना एक', म्हणजे घराबाहेरच्या दर साडेतीन तासांमागे एका तासाचा पगार, असं कलम असेल तर ७७ भागिले साडेतीन, म्हणजे २२ तासांचे पैसे. कलम नसेल तर १८. हा चार तासांचा फरक दर आठवड्याला पडतो. आणि नोकरी बदलून तो सुटत नाही, कारण दुसऱ्या एअरलाइनमध्ये गेलात की सिनिऑरिटी लिस्टच्या तळाला. वीस वर्षं नोकरी केलेला कॅप्टन तिथे उजव्या सीटवर, म्हणजे सहवैमानिक, आणि नाताळात रिझर्व्हवर, बोलावतील तेव्हा हजर. सोडून जाण्याची धमकी ज्याच्यापाशी नाही, त्याच्यापाशी करारच उरतो.

आता तिसरा प्रश्न. आजारी पडावं ना.

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुधा जेट एअरवेज असते. सप्टेंबर २००९ मध्ये युनियन काढल्यावरून पायलटांना काढून टाकलं, तेव्हा बाकीच्यांनी पाच दिवस सामूहिक आजारपण काढलं आणि सहकाऱ्यांना परत घ्यायला लावलं. २०१२ चं एअर इंडिया कुणाला आठवत नाही. तेही आजारपणाच्या रजेनेच सुरू झालं, ५८ दिवस चाललं, १०१ पायलट बडतर्फ झाले, युनियनची मान्यता गेली. आणि आता आपल्याकडच्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा संपातच मोजली जाते.

पण इथलं सांगायचं तर 'अमेरिकन एअरलाइन्स' या कंपनीच्या पायलटांचं सांगावं लागेल, दोन भागांत. पहिला भाग १९९७. नवी छोटी जेट विमानं कुणी उडवायची, मूळ कंपनीच्या पायलटांनी की स्वस्तातल्या उपकंपनीच्या, यावर बोलणी फाटली. युनियनने सगळे जिने कायद्याने चढले: मध्यस्थी, रिलीज, ३० दिवस. १५ फेब्रुवारीला मध्यरात्री संप सुरू झाला. काही मिनिटांत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आणीबाणी बोर्ड नेमून तो थांबवला. काही मिनिटांत!

दोनच वर्षांनी दुसरा भाग. १९९८ च्या अखेरीस कंपनीने रेनो एअर ही छोटी एअरलाइन विकत घेतली. तिचे पायलट बरेच कमी पगारात उडत होते. युनियन म्हणाली, कंपनी आपली झाली, तर तिथले पायलट आजपासून आपल्या करारात, आपल्या पगारात घ्या. कंपनी म्हणाली, टप्प्याटप्प्याने. फेब्रुवारी १९९९ मध्ये बोलणी मोडली आणि पायलट आजारी पडू लागले. आधी शेकड्यांनी, मग हजाराच्या वर. १० फेब्रुवारीला डॅलसमध्ये फेडरल न्यायाधीश जो केंडल यांनी कामावर परतायचा आदेश दिला. दुसऱ्या दिवशी रद्द झालेल्या उड्डाणांचा आकडा उतरायचा तर आणखी चढला. एकूण सहा हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली.

खरी गोम इथे आहे. या कायद्यात वाद दोन जातींचे. नवा करार करायचा तो 'मोठा' वाद, त्याच्या शेवटी संपाचं दार असतं. असलेल्या कराराचा अर्थ लावायचा तो 'छोटा' वाद. त्यात संपाचं दारच नाही, लवाद जे सांगेल ते. शेकडो लोकांचा पगार आणि पुढची सगळी सिनिऑरिटी गुंतलेली असली तरी रेनोचं प्रकरण कायद्याच्या लेखी छोटं ठरलं. आणि छोट्या वादात केलेला संप, मग तो तापाच्या नावाने असला तरी, बेकायदा. पायलटांना कामावर आणायला युनियनने पुरेसे प्रयत्न केले नाहीत, म्हणून न्यायालयाचा अवमान झाला असं न्यायाधीशांनी ठरवलं, आणि एप्रिलमध्ये युनियनवर भरपाई बसवली: साडेचार कोटी डॉलरच्या वर. अपिलातही ती टिकली.

तेव्हापासून कंपन्यांच्या वकिलांना हा रस्ता पाठ आहे. आजारपणाचे फोन किती आले ते आधीच्या वर्षांच्या त्याच महिन्याशी ताडून बघायचं, सरासरीच्या किती वर गेलं ते मांडायचं, आणि कुणीतरी कुणाला गमतीत पाठवलेला 'उद्या मला ताप येणार' असा संदेश त्याला जोडायचा. २००८ मध्ये युनायटेडने असाच मनाईहुकूम मिळवला. त्याच्या आधी, २००१ मध्ये, डेल्टाच्या प्रकरणात तर त्याहून चमत्कारिक ठरलं. जादा काम ऐच्छिक असतं, एकेकट्याने नाकारलं तर कुणी विचारत नाही. सगळ्यांनी ठरवून नाकारलं तर तेही रोखता येतं, आणि ते रोखणं युनियनचं काम. इथली संप समिती आज जेवढा वेळ पायलटांना पेटवण्यात घालवते, तेवढाच 'कृपा करून काही करू नका, संदेश तर पाठवूच नका' हे सांगण्यात घालवते.

१९९७ आणि १९९९ शेजारी ठेवून मी पूर्वी एक ठाम वाक्य टाकायचो: सरळ वाटेने गेले तर अडवतात, आडवाटेने गेले तर लुटतात, कायदा कंपनीचाच आहे. टाळी मिळायची. मग जून २०१० मध्ये स्पिरिट या छोट्या एअरलाइनच्या पायलटांनी तेच सगळे जिने चढून संप केला, पाच दिवस. व्हाइट हाउसने काही केलं नाही, करार झाला. माझं वाक्य फुटलं. मी नवं केलं: एअरलाइन छोटी असेल तर संप करू देतात, देश अडेल एवढी मोठी असेल तर नाही. म्हणजे ज्यांच्या संपात ताकद त्यांना परवानगी नाही. हे पटतं मला, पण १९९८ मध्ये नॉर्थवेस्ट पंधरा दिवस बंद होती आणि ती काही छोटी नव्हती. त्यामुळे हे वाक्यही मी आता हळू आवाजात म्हणतो.

तर पुढच्या वेळी बातमीत 'मतदान' दिसलं तर मला फोन करू नका. 'रिलीज' दिसलं तर कॅलेंडर काढून ३० दिवस मोजा, आणि मग करा.

आणि रेनोच्या वेळी त्या पायलटांनी दुसरं काय करायला हवं होतं, असं विचाराल. लवादाकडे जायचं होतं, हे पुस्तकी उत्तर माझ्याकडे आहे. लवादाचा निकाल येईपर्यंत रेनोचे पायलट त्याच आकाशात, तोच रंग लावलेली विमानं जुन्या पगारात उडवत राहिले असते, हेही मला माहीत आहे.