आई, रंगोली आणि ळ

आई दुसरीत होती तेव्हा तिच्या पाठीवर मामा झाला आणि त्याला सांभाळायला तिची शाळा सुटली. सही करायची, आकडे वाचायची, मंडईतला हिशोब तोंडी चोख. पण कराडच्या स्टँडवर गाडी लागली की शेजारच्याला विचारायची, "दादा, ही कुठली ओ?" बरोबर असले की मला त्या प्रश्नाची लाज वाटायची. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

मी कॉलेजात असताना आमच्याकडे दूरदर्शनच होतं. रविवारी सकाळी रंगोली हा हिंदी सिनेमातल्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि आई टीव्हीसमोर मेथी निवडत बसायची. गाण्याखाली त्याच गाण्याचे शब्द यायचे आणि गाणारा जसा पुढे जाईल तसा शब्दांचा रंग बदलत जायचा. मला वाटायचं, सजावट असेल. एका रविवारी आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. म्हणाली, "अगं, ह्ये 'दिल' हाय न्हवं?"

त्यानंतर मेथी निवडायला दुप्पट वेळ लागू लागला.

'प्यार' हा तिला ओळखता आलेला पहिला जोडाक्षरी शब्द, कारण तो दर गाण्यात यायचाच. आमच्या गल्लीत प्रौढ साक्षरतेचा वर्ग भरायचा. तिथं ती चार दिवस गेली होती आणि 'कमल बघ' वाचायला लावल्यावर परत गेली नाही. पन्नाशीला आलेल्या बाईला कमळ कशाला बघायला लावायचं? गाण्याचं तसं नव्हतं. पुढचा शब्द तिला कानानं आधीच ठाऊक असायचा, डोळा फक्त तो जुळवून घ्यायचा. चुकलं तरी गाणं थांबत नव्हतं, आणि ध्रुवपद परत आलं की तीच ओळ पुन्हा मिळायची. कुणी परीक्षा घेत नव्हतं.

हे कुणाच्या डोक्यातून आलं ते मला फार उशिरा कळलं. ब्रिज कोठारी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते आणि स्पॅनिशही शिकत होते. मित्रांबरोबर एक स्पॅनिश सिनेमा बघताना त्यांच्या मनात आलं, खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच ओळी असत्या तर भाषा लवकर आली असती. मग हीच युक्ती आपल्याकडे गाण्यांना लावली तर? पुढे ते अहमदाबादच्या आयआयएममध्ये आले. १९९९ मध्ये तिथल्या दूरदर्शनवर गुजराती गाण्यांखाली गुजराती शब्द आले, २००२ मध्ये चित्रहार या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमाला हिंदी शब्द मिळाले, आणि पुढे रंगोलीलाही. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते की बघणाऱ्याकडून जास्तीचं काही मागितलं नाही. ती गाणी बघणारच होती.

हिंदीची आणि आपली लिपी एकच, म्हणून आईचं जमलं. अडलं ते थोड्या ठिकाणी. 'ज़िंदगी'तल्या ज खालचं टिंब तिला खटकायचं. छापील हिंदी ल आणि आपला ल वेगळा दिसतो, तिथंही गोंधळ व्हायचा. आणि रंगोलीत ळ कधी भेटलाच नाही! पेपर वाचायला घेतला की 'शाळा', 'पावसाळा', 'केळी' इथं गाडी हमखास बंद पडायची. शेवटी मी तिला तिच्या माहेराचं नाव लिहून दिलं, चाफळ. पुढच्या वेळी स्टँडवर पाटी बघून कुणालाही न विचारता ती गाडीत चढली. खिडकीतून मला नुसता हात केला.

आता घरात स्मार्ट टीव्ही आहे. परवा तिला एक मराठी सिनेमा लावून दिला. मराठी बोलणं आणि खाली इंग्रजी ओळी. मराठीचा पर्याय शोधला, नव्हता. ऐकू न येणाऱ्या मराठी माणसानं तो सिनेमा कसा बघायचा? माझ्या आईसारख्या बायका, तिसरीतली पोरं, यांच्या डोळ्यांसमोर रोज दोन तास मराठी अक्षरं सरकू शकतात. संवाद लिहिलेलेच असतात, ते पडद्यावर आणायला असा किती खर्च येतो? मराठी निर्मात्यांनी हे करावं असं मला मनापासून वाटतं. प्रेक्षकांनीही ते मागायला हवं, तो सिनेमा दाखवणाऱ्या कंपनीला मी लिहिलंय.

तोवर मी मोबाइलवर तिच्या आवडीच्या अभंगांखाली स्वतः शब्द टाकते. एका अभंगाला पूर्ण संध्याकाळ जाते. काल तिनं मध्येच थांबवायला लावलं. 'टाळ'मधला ळ मी घाईत ल टाइप केला होता.