रेघा आदल्या रात्री

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेले एक दप्तर आहे. त्यात गावाकडच्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा कागद आहे, असे माझे सासरे हयात असताना नेहमी सांगत. मात्र तो मोडी या जुन्या मराठी लिपीत असल्यामुळे त्यांनाही वाचता येत नव्हता. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी विलीन झाले, पुढे शाळांतून मोडीही गेली, आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांतले कागद घरच्याच माणसांना परके झाले. तो कागद आपण स्वतः वाचायचा, असे मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ठरवले.

मोडीचा वर्ग काही आठवड्यांत संपला. मुळाक्षरे आली, बाराखडी आली. परंतु या लिपीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, त्यामुळे रोजच्या सरावाशिवाय नजर बसत नाही. तो सराव घरी एकटीने करायचा होता आणि खरी अडचण तिथेच आली. मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे. संध्याकाळी साडेसहाला घरी येते. स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सासूबाईंची औषधे हे सगळे उरकून रात्री नऊ ते दहा हा एक तास माझा, असे ठरले होते. पहाटे पाचला उठण्याचाही प्रयोग केला, तो आठवडाभरही टिकला नाही. सहा महिन्यांनंतरही माझी वही निम्मी कोरी होती.

तेव्हा एका गुरुवारी मी वहीच्या शेवटच्या पानावर, त्या तासात किती वेळा उठले आणि कशासाठी, हे लिहून ठेवले. अकरा वेळा. त्यांतल्या तीन वेळा मला कोणी हाक मारली होती: सासूबाईंना पाणी हवे होते, शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या होत्या, आणि शाहू स्टेडियमवर झालेल्या सामन्यात पेठेचा संघ जिंकल्याचे मुलाला सांगायचे होते. उरलेल्या आठ वेळा मी आपणहून फोन उचलला होता. इतके दिवस मी मनातल्या मनात घरच्यांना बोल लावत होते. तो अन्याय होता, हे त्या पानाने मला स्पष्ट दाखवले. दुसऱ्या दिवसापासून नऊ वाजता फोन सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या उशाशी जाऊ लागला.

फोन गेला, तरी हाका राहणारच होत्या आणि त्या राहाव्यात असेच मला वाटत होते. मग लक्षात आले की, उठण्यात दोन मिनिटे जातात. पण परत बसल्यावर कोणता कागद, कोणती ओळ, लेखणी कुठे ठेवली, हे शोधण्यात दहा मिनिटे जातात आणि तेवढ्यात मन दुसरीकडे वळते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरे लिहीत जातात. म्हणून मी रोज उठण्यापूर्वी उद्याच्या पानावर आठ रेघा मारून पहिल्या ओळीतली दोनच अक्षरे लिहून ठेवू लागले. वही उघडली की पुढे काय करायचे, याचा विचार करावा लागत नसे. अर्धवट शब्द समोर असे आणि हात आपोआप पुढे जाई.

मार्चअखेरीला बारा दिवस मी रात्री दहानंतरच घरी आले. पूर्वी एवढा खंड पडला असता, तर सरावच सुटला असता. त्या बारा दिवसांत वाचन काहीही झाले नाही, फक्त रेघा मारल्या. सासूबाईंना या गोष्टीचे महत्त्व माझ्याइतकेच वाटू लागले होते, एकदा मी तशीच झोपायला निघाले, तेव्हा त्यांनी अंथरुणातूनच विचारले, “रेघा मारल्यास न्हवं गं?” मी परत फिरले.

श्रावणात तो कागद उघडला. पहिल्या ओळीतला सन अरबी संख्यानामांत होता: सलास अर्बैन मयातैन व अलफ. तीन, चाळीस, दोनशे आणि हजार, म्हणजे १२४३. हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १८४२ येते. पावसाळ्यातला कागद असल्यामुळे ५९९. जानेवारी ते मे या महिन्यांतला असता, तर ६०० मिळवावे लागले असते. पुढे मोट आणि बैल यांचे उल्लेख लागले, आणि आठ दिवसांपैकी तीन दिवस पाणी आमच्या घराण्याचे, हे वाक्य लागले. ते मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले, मग सासऱ्यांच्या फोटोकडे बघत बराच वेळ बसून राहिल्या. खालच्या दोन ओळी कसरीने खाल्ल्या आहेत. त्या आता कोणालाच वाचता येणार नाहीत.

दप्तरात आणखी चौदा कागद आहेत. दुसऱ्याचा सन लागला आहे, लिहिणाऱ्याचे नाव अजून लागलेले नाही. त्याच्या तिसऱ्या ओळीतली पहिली दोन अक्षरे उद्यासाठी लिहून ठेवली आहेत.