कालाकुंडचा नाला आणि सुळ्याची जखम: शिकारी जातीची कुत्री नेणाऱ्यांसाठी

इंदूरजवळच्या कालाकुंडहून चोरलकडे नदीच्या कडेकडेनं "सरळ गाडीवाट" आहे असं आम्हाला सांगणारा माणूस त्या बाजूला पावसाळ्यानंतर कधी फिरकलेलाच नसणार. गाडीवाट सुरुवातीला आहे, मग ती एका नाल्यात उतरते आणि तिथंच संपते. पुढं सुटा मुरूम, शेवाळलेले दगड आणि दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेली घाणेरी. अंतर फार नाही, पण आम्हाला तिथं दोन तास लागले, आणि त्यातला बराच वेळ आमच्या कुत्रीचं, बिजलीचं, रक्त थांबवण्यात गेला.

आदल्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. पातालपाणी, घाटातली मीटरगेज रेल्वे, स्टेशनवरचा कलाकंद. सगळं छान होतं.

बिजली कारवानी कुत्री आहे. आमच्या घरात ही जात आजोबांपासून आहे, तेव्हा ती शिकारीला जायची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. पण जखमा त्याच राहिल्या: डुकराचा सुळा, कुंपणाची काटेरी तार, बाभळीचा काटा, कुसळ. या कुत्र्यांची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही म्हटली तरी चालेल. गावठी कुत्र्याला जिथं ओरखडा उठतो, तिथं यांची कातडी उसवते.

बिजली पट्ट्याला होती. काका चार पावलं पुढं होते. घाणेरीतून रानडुक्कर निघालं, आमच्या मधून गेलं आणि जाता जाता बिजलीला उडवून गेलं. सगळं इतक्या पटकन झालं की काका वळेपर्यंत डुक्कर पलीकडे पोचलं होतं. तिच्या मांडीची कातडी वीतभर फाटून लोंबत होती.

"हळद काढ. नाहीतर चहापत्ती दाब," काका म्हणाले.

"काका, हळद नको. आधी मुसकं बांधू. तुम्ही डोकं धरा."

मुसकं आधी, बाकी सगळं नंतर. आयुष्यभर कुणाला न चावलेली कुत्री वेदनेत मालकाचा हात फोडते. गॉजची पट्टी नाकावरून दोन वेढे, हनुवटीखालून कानामागे, गाठ सुटेल अशी. धाप लागली असेल किंवा ओकारी येत असेल तर मात्र तोंड अजिबात बांधू नका.

मग दाब. गॉजची घडी जखमेवर ठेवून तळहातानं दाबायचं आणि निदान पाच मिनिटं उचलून बघायचं नाही. उचललं की धरलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. रक्त वर आलं तर त्याच घडीवर दुसरी ठेवायची. मांडीचं रक्त अशानंच थांबलं.

आता मुख्य गोष्ट. मांडी बघून आम्ही दोघंही हादरलो होतो. पण खरं संकट बरगड्यांच्या मागं होतं, शर्टाच्या बटणाएवढं भोक, रक्त जवळजवळ नाही. केस ओले दिसले म्हणून मी बोट फिरवलं तेव्हा कळलं. सुळा आत शिरतो, कुत्रा झटका देतो, आणि वरून छोटं दिसणारं भोक आत कातडीखाली हातभर पोकळी करून ठेवतं. केस, माती, डुकराच्या तोंडातली घाण सगळं त्या पोकळीत. फाटलेली जखम दिसते म्हणून लोक तिच्याकडे धावतात. भोक बुजतं, आत पू होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा तापानं पडतो. म्हणून डुकराशी गाठ पडली की सगळं अंग चाचपून बघायचं: काखा, पोट, मानेखाली, शेपटीच्या मुळाशी.

असं भोक घरी शिवायचं नाही, चिकटवायचं नाही, मलमानं बुजवायचं तर मुळीच नाही. छातीवर असेल आणि श्वासाबरोबर आवाज येत असेल तर स्वच्छ प्लास्टिक लावून दाबून धरायचं आणि निघायचं. पोट फाटून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही. सलाईननं भिजवलेल्या कापडात गुंडाळून उचलायचं.

धुण्यासाठी सलाईनची बाटली आणि 20 मिलीची सिरिंज पुरते. सलाईन नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. पिचकारीनं भरपूर धुवायचं. माती निघून जाणं हे कुठल्याही औषधापेक्षा मोठं काम आहे. पोविडोन आयोडीन वापरायचंच तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत नको, जंतूंबरोबर चांगलं मांसही जळतं. हळद, राख, चहापत्ती यांचा चिखल डॉक्टरला पुन्हा खरवडून काढावा लागतो आणि तो त्रास कुत्र्यालाच होतो. काकांना हे पटलं नाही. मला मात्र यात जराही शंका नाही.

घरातली वेदनेची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, एकही नाही. एका गोळीनं कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड किंवा यकृत जाऊ शकतं.

मांडीवर गॉज, कापूस, वर क्रेप बँडेज. पायाला बांधताना मधली दोन बोटं उघडी ठेवा. ती सुजली किंवा गार लागली तर बांधणी घट्ट झाली. दर थोड्या वेळानं ओठ वर करून हिरडी दाबायची, सोडल्यावर 2 सेकंदांच्या आत गुलाबी झाली पाहिजे. पांढरट राहिली तर थांबायचं नाही, धावायचं. बिजलीची हिरडी वेळेत गुलाबी होत होती, म्हणून आम्ही तिला काकांच्या चादरीच्या झोळीत घालून सावकाश नाला चढलो. तो चढ मी जन्मात विसरणार नाही. मुरूम पायाखालून सुटत होता आणि झोळी हलली की ती कण्हायची.

रस्त्यावर एक पिकअपवाला भेटला. रक्त बघून त्यानं इंदूरपर्यंतचे 3000 सांगितले, वर गाडी धुण्याचे 500. दुसरी गाडी नव्हती, दिले. हा भाव लुटीचा आहे. तुमची गाडी चोरलला ठेवा, कालाकुंडला नको, आणि चालवणारा एकजण गाडीपाशी राहू द्या. भेरूघाटात ट्रक आडवा झाला तर अख्खी दुपार तिथंच जाते, तेव्हा लवकर निघा. टाके घालायचे तर 6 ते 8 तासांच्या आत पोचलेलं बरं. इंदूरच्या वाटेवर सिमरोलला महूकडे रस्ता फुटतो. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्याआधीच वेळा विचारून ठेवा.

आम्ही इंदूरला ज्या दवाखान्यात गेलो तिथल्या पहिल्या माणसानं मांडी शिवून भोकावर पावडर मारली आणि "झालं" म्हणाला. मी भांडलो. मग मोठ्या डॉक्टरांनी भोक उघडलं, आतून केसांचा पुंजका आणि माती काढली आणि पू वाहायला नळी ठेवली. तुम्हीही अडून बसा. भूल देण्याआधी "ही बारीक अंगाची शिकारी जात आहे" हे स्पष्ट सांगा. चरबी कमी असल्यानं काही भुलींतून ही कुत्री फार उशिरा बाहेर येतात.

कोल्हा किंवा अनोळखी कुत्रा चावला असेल तर साबणानं 15 मिनिटं धुणं आणि रेबीजची लस, आधीची घेतलेली असली तरी. जखम हाताळणाऱ्या माणसांनीही डॉक्टरला विचारायचं.

घरी आल्यावर माशी बसू देऊ नका. अंडी घातली की एका दिवसात अळ्या होतात. आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात त्या प्लास्टिकच्या कॉलरवर भरवसा ठेवू नका: या जातीची मान डोक्याइतकीच रुंद, कॉलर रात्रीतून निघते. जुना सुती टीशर्ट पुढचे पाय बाह्यांतून काढून घाला, कमरेवर गाठ मारा. बिजलीनं टाके निघेपर्यंत तो अंगावर ठेवला.