पोच घेतली काय?

आमच्या दुकानाच्या बोर्डावर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, टायपिंग, पासपोर्ट फोटो' एवढंच लिहिलं आहे. अर्ज लिहून मिळतील असं त्यात कुठेही नाही. तरी गोव्यातल्या आमच्या डिचोलीत सरकारी कामाला आलेल्या माणसांना ते कसं कळतं देव जाणे. सकाळी साडेनऊला शटर वर करायला जावं तर पायरीवर कोणीतरी बसलेलंच असतं. "बाय, मात्सो अर्ज बरोवन दी गो."

सतरा वर्षं मी हे अर्ज लिहिते आहे. म्हाताऱ्या माणसांना मायना त्यांच्या पद्धतीचा लागतो. 'आपण माझे मायबाप', 'मज गरिबावर कृपादृष्टी ठेवून', 'आपला आजन्म ऋणी राहीन.' मी हे सगळं गाळते आणि मग भांडण होतं. एका आजोबांनी एकदा कागद परत माझ्या पुढ्यात सरकवला. म्हणाले, "असं कोरडं लिहिलं तर देणार कोण?" मी म्हटलं, "आजोबा, पेन्शन तुमच्या हक्काची आहे, भीक नव्हे." त्यांना काही पटलं नाही. शेवटी मायबाप राहिले, ऋणी गेले.

त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. आमच्या घरात माझ्या आत्याच्या लग्नाची गोष्ट अजून सांगतात. पन्नाशीच्या दशकातलं लग्न, पोर्तुगीज अंमल. पत्रिका छापायला टाकायच्या आधी मजकूर सेन्सॉरकडे मंजुरीला गेला. मुहूर्त, मुलामुलीचं नाव, 'अगत्य येणे करावे', बस्स. त्यात राजद्रोह कुठे लपणार? पण साहेबाची सही होईपर्यंत आजोबा दोन वेळा पणजीला हेलपाटे घालून आले. गंमत म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या १९३३ च्या घटनेत विचार मांडण्याचं स्वातंत्र्य लिहिलेलं होतं. फक्त ते कसं वापरायचं हे खास कायदे ठरवणार होते, आणि ते कायदे सेन्सॉरच्या बाजूचे होते. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहिया भाषणाला उभे राहिले तेव्हा मोडला तो सभाबंदीचा हुकूम. आज चार माणसं गोळा करून पंचायतीपुढे घोषणा देताना आपल्याला बोलण्याचं, जमण्याचं स्वातंत्र्य देणारं संविधानाचं कलम १९ आठवतही नाही.

आमच्याकडे हे कलम उशिरा आलं. संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झालं तेव्हा आम्ही त्यात नव्हतो. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची. पुढच्या वर्षी बारावी घटनादुरुस्ती झाली आणि गोवा, दमण, दीव हे २० डिसेंबर १९६१ पासूनचा केंद्रशासित प्रदेश म्हणून संविधानात लिहिले गेले, म्हणजे मागच्या तारखेने. १९६२ चा एक नागरिकत्व आदेशही आहे. २० डिसेंबर १९६१ च्या आधी जो इथे जन्मला, किंवा ज्याचे आईबाप वा आजी-आजोबा इथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. आधीचं नागरिकत्व ठेवायचं असेल तर महिन्याभरात तसं लिहून द्यायचं, नाहीतर काहीच करायचं नाही. माझे आजोबा घरी बसल्या बसल्या नागरिक झाले. त्यांच्या अख्ख्या आयुष्यात अर्ज न करता मिळालेली एवढी एकच गोष्ट असावी.

आता ज्या प्रकरणासाठी हे लिहायला बसले ते सांगते. पंचायतीचं नाव सांगत नाही, मावशीचंही नाही.

मावशी मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारी. सासऱ्याच्या वेळेपासूनचं मातीचं घर. स्वयंपाकघरावरचे वासे वाळवीने खाल्ले होते, कौलं खाली यायला लागली होती. तिने जानेवारीत पंचायतीकडे दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज दिला. दोन वेळा जाऊन आली. दोन्ही वेळा तोंडी उत्तर, "भाटकाराचं ना हरकत पत्र आण." भाटकार मुंबईत, आणि त्याच्या मुलांना ही माणसं तिथून उठलेली हवी आहेत. तो कसलं पत्र देतो?

ती माझ्याकडे आली तेव्हा मी पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, पोच घेतली काय?"

घेतली नव्हती. अर्ज टेबलावर ठेवून आली होती.

पोच म्हणजे काय हे शहरातल्या, सगळं ऑनलाइन भरणाऱ्या लोकांना सांगावं लागेल. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना, दुसरीवर त्यांचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही. गोल रबरी शिक्का, जांभळी शाई, बहुतेक वेळा अर्धवट उठलेला. तो मारून घेताना कारकुनाचा हात जड होतो. "ठेवून जा, बघतो." त्या एका वाक्यात किती अर्ज बुडाले असतील! पोच नसेल तर तुम्ही आलाच नव्हता. असेल तर त्या तारखेपासून दिवस मोजता येतात. मी त्या दिवशी मावशीबरोबर गेले, नवा अर्ज दिला आणि शिक्का उठेपर्यंत खिडकीवरून हलले नाही.

पुढची चूक मात्र माझी. फेब्रुवारीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा केला होता, नंतर २००५ चा केंद्राचा आला. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, आणि माहिती कशाला हवी हे विचारायची सोय नाही. कलम ६ मध्येच तसं लिहिलं आहे. एवढं सगळं ठाऊक असून मी रागाच्या भरात काय लिहिलं? 'परवानगी अद्याप का दिली नाही?'

एकोणतिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही.

आणि ते बरोबर होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच गोवा खंडपीठाने २००८ साली सांगून ठेवलं आहे की माहिती म्हणजे त्यांच्या दप्तरी जे आहे ते, 'का' चं उत्तर त्यांनी नव्याने तयार करून द्यावं असं नाही. एक वकील गिऱ्हाईक लॅमिनेशनला आले होते, त्यांनी हसत हसत समजावलं. मला हसू येत नव्हतं. मावशीचे तीस दिवस मी घालवले होते, आणि मिरग जूनच्या पहिल्या आठवड्यात.

दुसरा अर्ज थंड डोक्याने लिहिला. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जाच्या फाइलमधल्या सर्व पानांची आणि टिपणींची प्रत. हा अर्ज आजवर कोणकोणत्या अधिकाऱ्याकडे किती दिवस होता, त्यांची पदनामं. ना हरकत पत्र मागितल्याची लेखी नोंद असल्यास तिची प्रत. 'का' हा शब्द कुठेही नाही. पंचायत सचिव हेच जनमाहिती अधिकारी, पोच त्यांच्याच खिडकीवर घेतली. तीस दिवस गेले, उत्तर नाही. मग गटविकास अधिकाऱ्यांकडे पहिलं अपील. सुनावणीला मावशी नऊवारी नेसून, केसात अबोलीची वेणी माळून आली, देवळात जावं तशी. साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. मी दोनदा सांगितलं तरी नाही.

हुकूम झाला आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात प्रती मिळाल्या, त्याही फुकट, कारण मुदत टळली की पानांचे पैसे घेता येत नाहीत. फाइलमध्ये दोन पानं होती. एक मावशीचा अर्ज. दुसरं टिपणीचं पान, पूर्ण कोरं.

ते कोरं पान मी बराच वेळ बघत बसले. चार महिने ज्या ना हरकत पत्रापायी ती बाई रात्री झोपली नाही, ते कोणी मागितलंच नव्हतं. कागदावर तर नाहीच. टेबलापलीकडचा माणूस बोलला आणि आम्ही त्याला सरकार समजलो. सरकार बोलतं तेव्हा ते कोणत्या कायद्याने बोलतं हे लिहून द्यावं लागतं, म्हणजे मग त्याच्यावर अपील करता येतं, पणजीच्या वाटेवर पर्वरीला उच्च न्यायालय आहे तिथवर जाता येतं. हवेतल्या शब्दावर अपील कसं करणार? आंबेडकरांनी कलम ३२ ला संविधानाचं हृदय म्हटलं होतं, जिथे हक्क मोडल्यावर थेट सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावता येतं ते कलम. शाळेत मी ते पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला त्या कोऱ्या पानावर कळला.

ते कोरं पान जोडून स्मरणपत्र दिलं. परवानगी आली जूनच्या शेवटी. तोवर दोन आठवडे धो धो पाऊस झाला होता. स्वयंपाकघरावर निळी ताडपत्री, चूल ओसरीवर, आणि मागची भिंत अर्धी विरघळलेली. दुरुस्ती दिवाळीनंतर झाली, भिंतीचा खर्च वाढीव. माझे ते फेब्रुवारीतले तीस दिवस वाचले असते तर भिंत कदाचित उभी राहिली असती. मावशीने हे कधी बोलून दाखवलं नाही. मला दर पावसाळ्यात आठवतं.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली. मामलेदाराकडे मुंडकार म्हणून नोंदीचा अर्ज एकटीच जाऊन देऊन आली होती. ब्लाउजमधून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून रेशनकार्ड, रेशनकार्डातून चार घड्या घातलेला कागद. त्यावर शिक्का, अर्धा उठलेला.

"तीन झेरॉक्स काड गो बाय."

मी साध्या मशीनकडे वळले तर तिने हात धरला.

"काळी नाका. रंगीत काड. शिक्को जांबळो दिसूंक जाय."