ठोकाठोकीची गल्ली

जेवण अंमळ जास्तच झालं होतं. सोमुन नावाच्या मऊ पावात कोंबलेले चेवापी, म्हणजे भाजलेल्या खिम्याचे कबाब, आणि वर मूठभर कच्चा कांदा. खरं तर यानंतर माणसानं आडवं व्हावं. पण परक्या गावात दुपारची झोप काढली की पैसे बुडाल्यासारखे वाटतात, म्हणून बोस्नियातल्या साराजेव्होच्या बाश्चार्शिया या जुन्या बाजारात उगाच भटकत होतो. चौकातल्या लाकडी पाणपोईपाशी कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांची झुंबड होती. ती चुकवून एका अरुंद गल्लीत शिरलो आणि ठोकण्याचा आवाज आला. चार ठोके जोरात, दोन हळू, मग भांडं जरासं फिरवायला लागेल तेवढीच विश्रांती.

हा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. लहानपणी मामाकडे कसब्यात राहायला गेलो की तांबट आळीतून तो दिवसभर यायचा.

या गल्लीचं नाव काझांजिलुक, म्हणजे इथली तांबट आळीच. पंधराव्या शतकात इसा-बेग इशाकोविच या ऑटोमन सुभेदारानं हा बाजार वसवला आणि पुढे प्रत्येक धंद्याला आपापली गल्ली मिळाली. खोगीरवाले साराचीत, भांडीवाले इथे. १८७९ च्या आगीत बाजाराचा मोठा भाग जळाला. तेव्हा राज्य ऑस्ट्रिया-हंगेरीचं. त्यामुळे थोडं पश्चिमेला चालत गेलं की बुटकी कौलारू दुकानं संपतात आणि एकदम व्हिएन्नाच्या थाटाच्या इमारती लागतात. जिथे हा बदल होतो तिथे फरसबंदीवर चक्क रेघ आखलेली आहे. लोक एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढतात. काढोत बापडे.

मला एक खोड आहे. कुठलंही भांडं दिसलं की उपडं करून बोटाच्या पेरानं वाजवायचं. घरच्यांना लाज वाटते. इथे लांब दांड्याची, कॉफीची जेझ्वा उचलली, वाजवली, आत डोकावलो, तर आतून पांढरीशुभ्र. कल्हई!

मग मी तिथे कुठला असायला. वाड्याच्या अंगणात खड्डा करून कल्हईवाला बसायचा. भाता ओढायला आम्ही पोरं भांडायचो. पातेलं तापून रंग बदलायला लागलं की नवसागराची चिमूट टाकायची, भस्सकन पांढरा धूर, घशात खवखव. कथलाची कांडी नुसती टेकवली की वितळायची. कापसाच्या बोळ्यानं तो फिरवायचा आणि डोळ्यांदेखत काळं पातेलं चांदीचं व्हायचं. मग पाण्यात चर्र. आजी मात्र नाकावर चष्मा सरकवून, "अरे, कडेला राहिलंय बघ," म्हणणारच. राहिलेलं नसलं तरी. न बोलता पैसे दिले तर कल्हईवाल्यालाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

दुकानदाराला यातलं काय सांगणार? त्यानंही माझ्यासारखंच जेझ्वेला पेर मारून दाखवलं आणि हसला. पुढचं सोपं झालं.

त्याच्या फळीवर जेझ्वांच्या शेजारी पेनं होती. काडतुसांच्या पुंगळ्यांची. मागे तोफगोळ्यांच्या कवचांच्या फुलदाण्या, तबकावर असते तीच वेलबुट्टी त्यांच्यावर ठोकलेली. बोस्नियाच्या युद्धात एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत या शहराला वेढा होता, भोवतालच्या डोंगरांवरून गोळे पडत होते. बाजाराच्या टोकाला, नदीकाठच्या व्हियेच्नित्सात, म्हणजे जुन्या नगरभवनात, राष्ट्रीय ग्रंथालय होतं. ते ऑगस्ट १९९२ मध्ये पेटवलं, लाखो पुस्तकांची राख झाली. इमारत पुन्हा उघडायला २०१४ उजाडलं. पितळ मात्र गावात मुबलक उरलं. आणि तांबटापुढे पितळ आलं की तो दुसरं काय करणार?

शेजारी एक पर्यटक तशा पेनांचा भाव करत होता. दोन घेतो, पण कमी करा. एकावर ओरखडा आहे म्हणाला. दुकानदारानं पेन उजेडात धरून पाहिलं आणि कमी केले.

जेझ्वेचे थोडे मीही सोडवून घेतलेच.