क्रीम की गडद निळा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घर रंगवायला काढलं की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच: फिकट उबदार रंग बरा की गडद थंड? मी आधी विचारते, खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि त्या खोलीत तुम्ही बसता कधी?

सदाशिव पेठेतली आईची खोली घ्या. उत्तरेला एकच खिडकी, समोर शेजारच्यांची भिंत. पुण्यात भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे कलतो तो साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, आणि त्यातला बराच काळ पावसाळी ढगांचा. एरवी आत येतो तो नुसता आभाळाचा निळसर उजेड. तिथे आम्ही शेड कार्डवर आवडलेला गडद निळसर राखाडी लावला. दुसरा हात वाळला आणि खोलीची विहीर झाली. आई भर अकरा वाजता दिवा लावून तांदूळ निवडायला बसे. मला ते बघवेना. दिवाळीआधी पुन्हा प्रायमर मारून सायीच्या रंगाचे दोन हात दिले. आता ती खिडकीशी बसते, दिव्याविना, आणि ताटातला खडा तिला दिसतो.

यात जादू नाही. रंग किती उजेड परत फेकतो याचा आकडा असतो, काळ्याला 0, पांढऱ्याला 100. फिकट क्रीम पंचाहत्तरच्या आसपास, तो गडद राखाडी जेमतेम दहा.

पण म्हणून गडद वाईट, असं मी म्हणणार नाही. कोथरूडच्या आमच्या बेडरूमला पश्चिमेचं ऊन. एप्रिलमध्ये चार वाजता क्रीम भिंत डोळ्यांवर यायची. तिथे गडद निळा लावला, डोळे निवले. (खोली गार होत नाही हं त्याने, थंडावा फक्त नजरेला.) ओरखडे मात्र लगेच दिसतात, आणि तेवढ्यापुरता रंग लावला तर ठिगळ उठून दिसतं.

दिवेही बघा. 3000 केल्विनच्या पिवळ्या दिव्यात क्रीम खुलतं, निळा मळकट होतो. 6500 च्या पांढऱ्याखाली क्रीम फिकुटतं.

शेड कार्डवर विसंबू नका. दोन फुटी प्लायवर दोन हात द्या, तो त्याच भिंतीला टेकवून सकाळी, चारला आणि रात्री बघा. आमचे दोन्ही तुकडे कपाटामागे आहेत, हवे तर घेऊन जा.