आधी पाहून यायचा

रविवार, १२ ऑक्टोबर

पोटऱ्या बोलतायत. बाम चोळून बसलेय, झोप डोळ्यांवर आहे, तरी चार ओळी लिहून ठेवते. उद्यापर्यंत दरवाजांचा क्रम डोक्यातून गेलेला असेल.

दिवाळीच्या किल्ल्याबाबत आमच्या घरात एकच नियम आहे, बाबांचा. जो करायचा, तो आधी पाहून यायचा. चित्रात बघून किल्ला करायचा नाही, मोबाइलवर बघून तर नाहीच नाही. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यामुळे मातीचा किल्ला प्रमाणात असतो, असंच आम्हाला लहानपणी वाटायचं. शेजारच्या मुलांच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असायचा, गुहेत वाघ असायचा आणि वाघासमोरच्या आरशाच्या तळ्यात प्लॅस्टिकची बदकं. त्या बदकांचा आम्हाला काय हेवा वाटायचा! बाबा विचारायचे, "सिंहगडावर बदक पाहिलंस का तू?" झालं. आमच्या सिंहगडावर बदक नाही.

यंदा पुतण्याला जिंजी हवा होता. जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि हा एकटा तमिळनाडूत, म्हणून याला नेमका तोच. बाबा म्हणाले, "जरूर कर. आधी पाहून ये." मग त्याच यादीतला, लोकलने जाऊन रात्री घरी परत येता येईल असा लोहगड ठरला.

सकाळची लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरलो. मी, दादा, वहिनी, पुतण्या, माझी धाकटी आणि बाबा. आई आली नाही. "तुम्ही चिखल आणा, मी कंदील करते," म्हणाली. दर वर्षी हेच म्हणते आणि दशम्यांचा डबा मात्र सगळ्यांना पुरून उरेल एवढा देते. बाबांच्या गुडघ्यांमुळे चालत जायचा बेत मोडून लोहगडवाडीपर्यंत रिक्षा केली. तिथे एका हॉटेलच्या बाकावर बाबांनी बैठक मारली. वर येणार नव्हतेच. खिशातून एक शाळकरी वही आणि टोक केलेली पेन्सिल काढून त्यांनी धाकटीच्या हातात दिली. "फोटो बाकीचे काढतील. तू पावलं मोज."

तिने खरंच मोजली. नऊ वर्षांचं पोर, पण पायरीला पाय लागला की तोंडाने आकडा. पुतण्या मुद्दाम मध्ये भलतेच आकडे ओरडायचा, मग ती रडकुंडीला येऊन चार पायऱ्या खाली जायची आणि पुन्हा चढायची. गणेश दरवाजा, मग नारायण, मग हनुमान, शेवटी महादरवाजा. प्रत्येक दरवाजात बसून तिने वहीत काहीतरी खरडलं. आम्ही प्रत्येक दरवाजात फोटो काढले. सगळ्यांचा एक, दोघींचा एक, दादाचा एकट्याचा, कमरेवर हात ठेवून.

वर गेल्यावर वारा असा की वहिनीची ओढणी दादाच्या तोंडावर. सोनकी अजून होती, पण पिवळा रंग जरा विटलेला. मग विंचूकाट्याकडे गेलो. लांबून पाहिलं तर डोंगराने शेपूट बाहेर टाकल्यासारखं. आत चालायला लागलं की ते शेपूट काही संपत नाही. दोन्ही बाजूंना खोल उतार, खाली पवनेचं पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना. धाकटीने इथे मोजणं सोडून दिलं. "आई, हे आपल्या पार्किंगमध्ये मावणार नाही," म्हणाली. मला तेव्हा ते नुसतंच गोड वाटलं.

खाली आलो तर बाबांचा चौथा चहा चालू होता. हॉटेलवाल्याशी त्यांची एवढी गट्टी जमली होती की निघताना त्याने पैसे घ्यायला का-कू केली.

सोमवार, १३ ऑक्टोबर

रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी आमची तोंडी परीक्षा घेतली. गणेश दरवाजातून आत गेलात, मग वाट कुठल्या हाताला वळते? मी म्हटलं डावीकडे. दादा म्हणाला उजवीकडे. वहिनी म्हणाली सरळ. मग फोटो उघडले. चौघांच्या मोबाइलमधले मिळून दोनशेच्या वर फोटो आणि सगळ्यांत आमचीच तोंडं. दरवाजाची कमान दिसते, पण कमानीच्या पुढे काय आहे ते आमच्या डोक्यांमागे लपलेलं. एका फोटोत तटबंदीचा वळसा जरा दिसत होता, तर तिथे दादाचा कमरेवरचा हात.

बाबा काही बोलले नाहीत. नुसता चष्मा पुसला. ते बोलण्यापेक्षा वाईट.

शेवटी धाकटीची वही निघाली. चार पानं, चार दरवाजे. चित्र म्हणावं असं त्यात काही नाही. एक जाड रेघ, ती सापासारखी मागे वळलेली, मध्ये आकडे, एका ठिकाणी बाण आणि शेजारी 'इथे माकड'. पण वाट तिने बरोबर पकडली होती. वरून खाली पाहताना ही नागमोडी वाट आणि दरवाजे एका नजरेत दिसतात. तिथे आम्ही सगळे सेल्फीसाठी पाठ करून उभे होतो आणि ही एकटी खाली बघत बसली होती. "चल गं लवकर" म्हणून मीच तिला ओरडले होते.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मातीसाठी आज अर्धा दिवस रजा टाकली. नर्सरीतून लाल मातीची दोन पोती आणली. माती विकत आणतात हे बाबांना अजून पचत नाही. गोणपाटही हल्ली सहज मिळत नाही, सगळी पोती प्लॅस्टिकची. कांदा-बटाट्याच्या वखारीतून दादाने तीन जुनी तागाची पोती पैदा केली. एकाला उग्र कांद्याचा वास होता, ते खाली घातलं.

जागा पार्किंगच्या कोपऱ्यातली, जिन्याखालची. सोसायटीतल्या एकांना फरशीवर डाग पडण्याची काळजी दर वर्षी नव्याने वाटते. दर वर्षी खाली प्लॅस्टिक अंथरलेलं दाखवलं की ती मिटते.

विटा रचल्या, फटींमध्ये दगड, वर गोणपाट. माती बादलीत कालवून ताकापेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ केली. गोणपाट त्यात बुचकळून पसरलं की डोंगराला आपोआप घड्या पडतात. त्या घड्या हाताने पाडायला गेलं तर खोट्या दिसतात. गोणपाट वरून नुसतं सोडायचं आणि हात मागे घ्यायचा. ओल्या तागातून बोटांच्या मध्ये थंडगार गाळ येतो, तेव्हा मी सात वर्षांची असते. बाकी कितीची आहे ते सांगत नाही.

पुतण्याने उरलेल्या विटांचा शेजारी विसापूर उभा केला. तो लोहगडापेक्षा बुटका झाला म्हणून बाबांनी पाडायला लावला. विसापूर उंच आहे आणि ती उंची नडली म्हणतात. १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड लढवण्यात अर्थच उरला नाही. पुतण्याने हे ऐकून विसापुरावर दोन तोफा ठेवल्या, लोहगडाकडे तोंड करून. शिवाजी महाराजांचं चित्र वर बसवायचं बाकी आहे आणि तोफांचा नेम सध्या तिथेच. ते उद्या बघू.

खरी भांडणं शेपटीवरून झाली. बाबांनी हिशेब मांडला. विंचूकाटा सुमारे दीड किलोमीटर लांब, तीस मीटर रुंद. म्हणजे पन्नासास एक. आपल्याकडे भिंतीपर्यंत जागा चार फूट. चार फुटांच्या शेपटीला रुंदी भरते जेमतेम इंचभर. वीट कशीही उभी केली तरी तिचीच जाडी तीन इंच, त्यावर गोणपाट आणि माती. धाकटी म्हणालीच होती, मावणार नाही. आम्ही पट्टी लावून पाहिली, कांब लावून पाहिली, कांब मातीच्या वजनाने वाकली. नऊ वाजता चार इंच रुंदीवर तडजोड झाली. बाबा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून बघत होते. "विंचू नाही झाला," म्हणाले, "घोरपड झाली."

झोपण्यापूर्वी अळीव पेरला. मूठभर पुरतो. माती चांगली ओली हवी आणि बी पुरायचं नाही, नुसतं भुरभुरवायचं. पाणी तांब्याने ओतलं की सगळं बी गोळा होऊन पायथ्याशी येतं, म्हणून बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून शिंपडायचं. वरून ओलं फडकं टाकलं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

अळीव उगवला! विसापुरावर दाट, लोहगडावर विरळ, म्हणून पुतण्या खूश. आईचा कंदीलही झाला. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि घरी शिजवलेली खळ. गोंद तिला चालत नाही. एका बाजूला कागद जरा सैल राहिला आहे, ते कुणी बोलायचं नाही.

विंचूकाट्याच्या टोकाला मात्र रात्री मांजर येऊन गेलं. मऊ, ओली, ताजी माती त्याला दुसऱ्या कुठल्या कामाची वाटणार! खड्डा उकरून, काम उरकून, वर नीट माती लोटून गेलं. पुतण्याने जाहीर केलं, गनिमाने सुरुंग लावला. धाकटी नाक दाबून साफ करायला तयार झाली, मग मीच हातात पिशवी घालून केलं. त्या जागेवर अळीव आता येणार नाही. दगड ठेवून दिला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

मध्ये लिहायला झालंच नाही. फराळ, पाहुणे, भांडी. अळीव बोटभर उंच होऊन आडवा पडायला लागला आहे आणि महादरवाजा त्यात दिसेनासा झाला आहे.

ओवाळून झाल्यावर बाबा खाली गेले. खुर्ची नेली. बरोबर एक जुनी वही होती, कोपरे खाल्लेली. १९८९ ची. त्या वर्षीही लोहगड केला होता म्हणे, मला आठवत नाही, दादा म्हणतो त्याला आठवतं. आत बाबांचं रेखाटन, शाईने, बाजूला मापं आणि पावलांचे आकडे. इतकं सुबक, की मला आमच्या घोरपडीची लाज वाटली.

धाकटी खुर्चीच्या हाताला रेलून बराच वेळ ते बघत होती. मग तिने बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं. "आजोबा, यात तीनच दरवाजे आहेत. नारायण दरवाजा कुठे गेला?"

बाबांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. दादा हसू दाबत दुसरीकडे बघायला लागला.

"तेव्हा झाला नसेल," बाबा म्हणाले.

"पण तो नाना फडणवीसांनी बांधलाय. तुम्हीच सांगितलंत."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. वर तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी लवंगी माळ लावली, ती संपेपर्यंत बाबा वहीकडेच बघत होते. मग त्यांनी खिशातून पेन काढून तिला दिलं. तिने पेन्सिल मागितली होती.

तिने गणेश आणि हनुमान यांच्या मध्ये, बाबांच्या सुबक रेघेवर, एक वाकडी कमान काढली आणि शेजारी आपला आकडा लिहिला. खाली तारीख टाकायला बाबांनी लावली.